घरट्याचा सव्वा महिना

बागेतल्या पक्ष्यांकडून आशा आणि करुणा कशी शिकावी, असा आजचा विषय आहे. मिनिटं मोजकी आहेत, म्हणून माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. मे महिन्यात कुंपणाला कात्री लावण्यापूर्वी आत वाकून बघा. घरटं असेल, तर सव्वा महिना थांबा.

सव्वा महिनाच का? घरात बाळंतीण असली की आपण सव्वा महिना दार लोटून घेतो, हळू बोलतो, आल्यागेल्याला बाहेरच्या खोलीत बसवतो. बुलबुलाचा हिशेबही जवळपास तेवढाच. घरटं विणायला थोडे दिवस, मग दोन-तीन अंडी, ती उबवायला साधारण 12 ते 14 दिवस, आणि पिल्लं बाहेर पडायला जवळजवळ तितकेच. पुढेही काही दिवस ती शेजारच्या फांदीवर चोच वासून बसलेली असतात. शिंपी पक्ष्याचंही असंच. एका बाळंतपणापुरती सवड, यापेक्षा जास्त कुणी मागत नाही.

आणि नेमकी तेव्हाच आपल्याला छाटणी सुचते! सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘पावसाळ्यापूर्वीची कामं’ निघतात आणि माळीबुवांना निरोप जातो. धोकादायक फांदी जरूर काढा, त्याबद्दल वाद नाही. पण मेंदी, जास्वंद, क्रोटन, मधुमालती यांच्यापासून कुणाच्या डोक्याला धोका आहे? ही छाटणी थंडीत करा. तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात.

काहीजण सांगतात, ‘आम्ही घरट्याला हात लावला नाही, फक्त भोवतालच्या फांद्या काढल्या.’ अहो, बाळंतिणीच्या दाराचा पडदा काढून न्यायचा आणि म्हणायचं, खाटेला धक्का लावला नाही! आडोसा गेला की कावळ्याला, भारद्वाजाला घरटं लांबून दिसतं आणि दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येतं. मोबाईल घेऊन सारखं डोकावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. बाळंतिणीला अशा पाहुण्यांचा त्रासच होतो. तुम्ही डोकावलात की आई उडते आणि अंडी उघडी पडतात.

आता आशेबद्दल. बुलबुलाची कितीतरी घरटी अर्ध्यातच उद्ध्वस्त होतात. मांजर येतं, कावळा येतो, वादळी पाऊस येतो. तरी ती जोडी बहुधा त्याच हंगामात पुन्हा काड्या गोळा करू लागते. शिंजिराची मादी कोळ्याची जाळी आणि सालीचे तुकडे जुळवून वेलीला एक लोंबती पिशवी बांधते. ती तुटली तर पुन्हा बांधते. मन खचलेल्या माणसाने हे बघावं. धीर धरणं म्हणजे पुढची काडी शोधायला निघणं, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

मात्र यावर एक उत्तर मला फार ऐकायला मिळतं: ‘बांधतील की पुन्हा!’ हे बोलणं बरं नव्हे. हंगाम ठरावीक असतो आणि मोडलेलं प्रत्येक घरटं त्यातले आठवडे खातं. पक्ष्यापाशी चिकाटी आहे म्हणून आपली जबाबदारी उतरत नाही. पुन्हा सांगतो, आधी बघा, मग कात्री लावा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. पण हे कायद्याच्या धाकाने कशाला करायचं?

आता करुणेबद्दल. सातभाई बघा. बाळंतिणीच्या मदतीला आत्या-मावश्या याव्यात, तसे थव्यातले इतर पक्षीही पिल्लांना भरवतात. पावशा आणि चातक त्यांच्या घरट्यात अंडी घालतात, ती परकी पिल्लंही याच घासांवर वाढतात. यावर सावकाश बोलायला हवं होतं, पण घड्याळ पुढे चाललंय.

एक मात्र सांगायलाच हवं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज सोडून द्या. बिनपिसाचं पिल्लू खाली पडलं असेल तर हलक्या हाताने घरट्यात ठेवा. पिसं आलेलं, उड्या मारणारं असेल तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि दूर व्हा. आईबाप बहुधा आसपासच असतात. दूध पाजू नका, चोचीत पाणी सोडू नका. मायेपोटी केलेले हेच उपचार जिवावर बेततात.

पाण्याचं पसरट भांडं कुठे ठेवावं, रोज का धुवावं, हे राहूनच गेलं. असो. माझं मागणं एकच आहे. पुढच्या मीटिंगमध्ये उठून म्हणा, ‘कुंपणाची छाटणी डिसेंबरमध्ये करू.’ कुणी कारण विचारलं, तर त्याला कुंपणापाशी घेऊन जा आणि लांबूनच घरटं दाखवा.