विधेयकाखालचे नाव



वकिलांच्या परिषदेचे अध्यक्षपद एका मसुदाकाराला द्यावे, हे तुम्हाला कसे सुचले कोण जाणे. विधेयकांची कलमे आणि पोटकलमे लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली. मसुदाकाराचे नाव कुठे छापत नाहीत, आणि ते योग्यच आहे. छापतात ते मंत्र्याचे. विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते आणि त्याखाली भारसाधक मंत्र्याचे नाव. राज्यघटना आल्यानंतर न्यायविषयक कायद्यांच्या बाबतीत त्या नावामागे जबाबदारी किती उभी राहिली, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

घटनेच्या ७५व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. राज्यांसाठी १६४व्या अनुच्छेदात तशीच तरतूद आहे. एकेकट्या मंत्र्याची जबाबदारी मात्र घटनेने फारशी बांधून ठेवलेली नाही. राष्ट्रपतींच्या आदेशावर मंत्र्याने प्रतिस्वाक्षरी केलीच पाहिजे, अशी अट नाही. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी स्वच्छ सांगितले होते की, सामूहिक जबाबदारी अमलात आणण्याचे साधन एकच, ते म्हणजे पंतप्रधान. नेमणूक त्यांच्या सल्ल्याने आणि गच्छंतीही त्यांच्याच सल्ल्याने.

या रचनेची पहिली मोठी परीक्षा झाली ती खुद्द बाबासाहेबांवर. ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री. निमित्त होते हिंदू संहितेचे, म्हणजे हिंदूंचे विवाह, वारसा वगैरे कायदे एकत्र बांधणाऱ्या विधेयकाचे. त्याची तयारी त्यांच्या आधीची. १९४१ साली बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. १९४८मध्ये विधेयक प्रवर समितीकडे गेले. मग चर्चा सुरू झाली आणि सरता सरेना. सप्टेंबर १९५१मध्ये फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग वेगळा काढून तेवढाच मंजूर करायचे ठरले. चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक तिथेच सोडून देण्यात आले.

नेहरूंपुढे अडचणी होत्या, हे मान्य केले पाहिजे. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती आणि ती संसद प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विधेयकाला विरोध होता आणि तो त्यांनी पत्रातून कळवलाही होता. परंतु बाबासाहेबांचे गाऱ्हाणे यापेक्षा नेमके होते. पंतप्रधानांनी सदस्यांना मतस्वातंत्र्य दिले, तेही त्यांनी सोसले. त्यांची अपेक्षा दोनच गोष्टींची होती: भाषणांच्या वेळेला मर्यादा घालणारा पक्षादेश निघावा आणि पुरेशी चर्चा झाल्यावर ती थांबवण्याचा प्रस्ताव मुख्य प्रतोदाने मांडावा. दोन्हींपैकी एकही झाले नाही. सरकारी विधेयक मांडणारा मंत्री सभागृहात एकटा पडला होता. ‘सामूहिक’ म्हणायचे ते यालाच का?

२७ सप्टेंबरला त्यांनी राजीनाम्याचे पत्र दिले. ११ ऑक्टोबरला निवेदन करायला ते उभे राहिले, तेव्हा त्याची प्रत आधी द्यावी असा आग्रह पीठासीन उपाध्यक्षांनी धरला. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. त्यात तक्रारी पुष्कळ होत्या. अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष होते, परराष्ट्र धोरण होते, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून आपल्याला वगळल्याची सल होती. मला मात्र ते एका मंत्र्याने दिलेल्या हिशेबासारखे वाटते. अमुक कायदा मी आणला, तो का झाला नाही ते हे, आणि म्हणून मी जातो. मंत्र्याची व्यक्तिगत जबाबदारी घटनेच्या मजकुरात जिथे विरळ राहिली होती, तिथे त्यांनी ती स्वतःच्या वागण्यातून भरून काढली.

पुढे १९५५ आणि १९५६मध्ये संहितेचे तुकडे करून चार कायदे झाले. विवाह आणि वारसा कायद्यांची लोकसभेतली बाजू हरिभाऊ पाटसकरांनी सांभाळली. खानदेशच्या या माणसाची आठवण आपण फारशी काढत नाही. तेव्हा मंत्रिमंडळ विधेयकामागे उभे होते, एवढा फरक पुरला.

मंजुरीनंतर काय होते, हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला तो जास्त छळतो. आम्ही पहिल्याच कलमात लिहून टाकतो की, सरकार अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिवशी हा कायदा अमलात येईल. हात इतके सरावतात की, या वाक्याने कुणाच्या हाती काय दिले, याचा विचारही येत नाही. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे पाहा. आणीबाणीनंतर, १९७८मध्ये, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या नियमांत सुधारणा केली. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीशी जोडली. ती तरतूद आजतागायत लागू झालेली नाही. १९८१ साली ए. के. रॉय प्रकरणात हा प्रश्न पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठापुढे आला. तरतूद लागू करा असा आदेश सरकारला देता येत नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. त्यानंतर सर्व रंगांची सरकारे आली आणि गेली. एकाही मंत्र्याला या एका अधिसूचनेवरून खुर्ची सोडावी लागलेली नाही.

तिसरी गोष्ट रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. १९८८मध्ये परक्राम्य संलेख कायद्यात दुरुस्ती होऊन चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे १३८वे कलम आले. त्या दुरुस्ती कायद्याच्या नावातच बँका आणि वित्तीय संस्था आहेत. म्हणजे गरज बँकव्यवहाराची होती, आणि खटल्यांचा लोंढा मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दारात आला. २०२३मध्ये नवे फौजदारी कायदे गृहमंत्र्यांनी मांडले. ते लागू झाले १ जुलै २०२४ला. केंद्राचा न्याय विभागसुद्धा २००९ अखेरपर्यंत गृह मंत्रालयातच होता. कायदा कुठल्याही मंत्र्याचा असो, तुमच्या तालुक्यातला न्यायाधीश तोच, लघुलेखकही तोच, आणि इमारतीचा खर्च बहुतांशी राज्याच्या अंदाजपत्रकावर. ‘तारीख पे तारीख’ म्हणून शिव्या खातो न्यायाधीश. तो कायदा आणणाऱ्या मंत्र्याचे नाव तोवर विस्मरणात गेलेले असते.

यावर उपाय सुचवला गेलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली निर्देश दिले, न्या. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला गेला आणि २००८ साली अहवालही आला. विधेयकाबरोबर खर्चाचे वित्तीय ज्ञापन देतातच. त्याच धर्तीवर नव्या कायद्याने न्यायालयांवर किती खटल्यांचा भार पडेल, त्याला किती न्यायाधीश आणि किती पैसा लागेल, याचा अंदाज द्यावा, हे त्यातले सूत्र. खटल्यांचा अचूक आकडा कुणालाच सांगता येणार नाही, असा आक्षेप मी सचिवालयात अनेकदा ऐकला. अहो, धरणाचा खर्च तरी कुठे अचूक निघतो? म्हणून कुणी बिनअंदाजाचे धरण मंजूर करीत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव यायचे आहेत. त्यांत एक माझा घाला. राज्य विधिमंडळात येणाऱ्या, न्यायालयांवर काम टाकणाऱ्या प्रत्येक विधेयकासोबत असे ज्ञापन असावे आणि त्यावर भारसाधक मंत्र्याचे नाव असावे. कायदा एका वर्षात लागू झाला नाही, तर त्याच मंत्र्याने किंवा त्यांच्या जागी आलेल्याने सभागृहात कारण सांगावे. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. सभागृहाचे नियम बदलले की पुरे. मसुदा मी करून आणला आहे, दीड पानाचा आहे. अनुमोदक तुमच्यातून हवा, आणि तो शक्यतो तालुका न्यायालयात वकिली करणारा असावा.