मॉरिशसला जाण्यापूर्वी

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवून ते निवृत्त झाले. निवृत्तीची रक्कम हाती आली तशी पुण्याला असलेल्या मुलांनी टुमणे लावले, की बाबा, आता आईला घेऊन कुठेतरी लांब जाऊन या, चांगल्या हॉटेलात राहा, पैशाकडे पाहू नका. गुरुजी मला म्हणाले, "अहो, ज्यानं खडूचा तुकडा नखाएवढा उरेपर्यंत वापरला, त्यानं पैशाकडे पाहायचं नाही म्हणजे करायचं तरी काय?"

त्यांचा प्रश्न मला फार खरा वाटला. आजच्या माझ्या बोलण्याचे निमित्त तेच आहे. परदेशातल्या एखाद्या सुंदर बेटावर चार दिवस सुखात घालवावे ही इच्छा आता केवळ शहरातल्या धनिकांची राहिलेली नाही. खेड्यातला द्राक्षबागाईतदार जातो, निवृत्त शिक्षक जातो, नवविवाहित जोडपी तर जातातच. जाऊ नये असे मी सांगणार नाही. पण आयुष्यभराच्या शिलकीतला पैसा बाहेर काढायचा, तर तो डोळसपणे काढावा एवढेच सांगणार आहे. उदाहरणाला मॉरिशस घेऊ. गुरुजींचे मन तिकडे ओढले त्याला एक कारणही होते. त्यांच्या पत्नी राजापूरकडच्या. माहेरी पूर्वापार सांगत आलेले, की पणजोबांचे धाकटे भाऊ 'मिरीच' बेटावर गेले आणि परतलेच नाहीत. मिरीच म्हणजेच मॉरिशस. त्या काळी आपले मजूर त्याला तसे म्हणत.

आधी हे बेट कुठे आहे ते नकाशावर पाहा. शिक्षकांनी तर मुलांना जरूर दाखवावे. मुंबईपासून नैर्ऋत्येला, विषुववृत्त ओलांडून, हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला हा ठिपका आहे. अंतर साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक. थेट विमान मिळाले तर सहा-साडेसहा तासांचा प्रवास. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचे दोन-तीन तालुके एकत्र केले तर जेवढे होतील तेवढेच. ज्वालामुखीतून वर आलेली ही भूमी. शेतातला दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळाभोर. उसाच्या फडांच्या मधोमध या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. ते कोणी रचले, याकडे मी नंतर येतो.

पहिला प्रश्न, जायचे केव्हा? बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस. त्यातही जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळांचे भय अधिक. १९६० च्या फेब्रुवारीत आलेल्या कॅरोल वादळाने तिथल्या हजारो कुटुंबांची घरे पाडली. जानेवारी २०२४ मधल्या बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून जात होत्या. याच महिन्यांत काही वेळा हॉटेलांचे दर उतरतात. स्वस्त का, हे न विचारता लोक पैसे भरतात आणि मग खिडकीतून पाऊस पाहत बसतात. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना आपली मे महिन्याची सुट्टी अगदी सोयीची. आपल्याकडे अंगाची लाही होत असते तेव्हा तिकडे थंडीची चाहूल लागलेली असते. संध्याकाळी अंगावर घ्यायला एखादी शाल मात्र हवी.

दुसरा प्रश्न, राहायचे कुठे? इथेच सगळा पैसा जातो, म्हणून इथे थोडे थांबू. बेटाच्या जवळजवळ सर्व बाजूंनी समुद्रात प्रवाळाचा बांध आहे. मोठी लाट त्या बांधावर फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. आलिशान हॉटेले उभी राहिली ती या शांत पाण्याच्या काठी. पण बाजू-बाजूत फरक आहे. आपल्या मेपासून ऑगस्टपर्यंत आग्नेयेकडून वारे वाहतात. ते पूर्व किनाऱ्यावर झोंबतात. पश्चिम किनारा, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकची बाजू, आडोशाला पडते आणि तिथे ऊन चांगले असते. उत्तरेला ग्रां बे इथे दुकाने आणि गजबज. दक्षिणेला काही ठिकाणी प्रवाळाचा बांध तुटलेला आहे. तिथे खवळलेला समुद्र लांबून पाहावा, पाण्यात उतरू नये.

हॉटेलाच्या माहितीपत्रकातले शब्द नीट वाचावेत. 'समुद्राचे दर्शन होणारी खोली' आणि 'समुद्रासमोरची खोली' या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीतून मान वाकडी केल्यावर दोन माडांमधून निळी रेघ दिसली, तरी दर्शन झालेच म्हणायचे! तसेच जेवणाचे. 'हाफ बोर्ड' म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण. दुपारचे जेवण आणि पिण्याचे पदार्थ बहुधा वेगळे. 'सर्व समाविष्ट' म्हटले तरी त्यात काय काय येते ते लेखी मागावे. शाकाहारी असाल तर आधी कळवावे. आणि दारू न पिणाऱ्या माणसाने दारूसकट पैसे का भरावेत, हेही विचारावे.

एक गोष्ट मला मोठी समाधानाची वाटते. तिथे भरतीचे पाणी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतची वाळू सर्वांची आहे. हॉटेल कितीही भारी असो, आरामखुर्ची त्याची, वाळू त्याची नाही. म्हणजे साध्या घरगुती निवासात उतरलेला माणूसही त्याच समुद्रात डुंबतो. हे कळल्यावर आमच्या गुरुजींनी हिशेब बदलला. मुलांनी सात रात्री मोठ्या हॉटेलात ठरवल्या होत्या. गुरुजींनी तीनच ठेवल्या आणि चार रात्री साध्या घरगुती निवासात काढल्या. बाई म्हणाल्या, "तीन रात्री मी राणी, चार रात्री मी माणूस. झकास झालं."

तिसरी गोष्ट पैसा आणि कागद. खर्चाचे पाच कप्पे करावेत. विमानभाडे, मुक्काम, जेवण, फिरणे, आणि पाचवा अडीअडचणीचा. पाचवा कप्पा रिकामा ठेवून घराबाहेर पडू नये. परदेशी सहलीचे पैसे भरताना सरकार काही टक्के कर आगाऊ कापून घेते. पॅन क्रमांक बरोबर दिला असेल तर विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरला जातो, तेव्हा पावती जपून ठेवा. तिथलाही पैसा रुपयाच, पण तो मॉरिशसचा रुपया. त्याची किंमत आपल्या रुपयापेक्षा अधिक आहे. दुकानातला आकडा पाहून स्वस्त वाटते ते बहुधा यामुळेच. दर दिवशीचा भाव पाहून मनात गुणाकार करावा.

पारपत्र परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारे असावे. आता पारपत्रासाठी मुंबई-पुण्याला हेलपाटे घालायला नकोत. २०१७ पासून अनेक जिल्ह्यांच्या टपाल कचेऱ्यांतच ती सोय झाली आहे. भारतीय पर्यटकाला मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. पण परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

'स्वतः' या शब्दावर मी जोर देतो. आमच्या तालुक्याच्या गावी एका शेतकऱ्याने मुलाच्या लग्नानंतर जोडप्याला बेटावर पाठवायचे ठरवले. फोनवर गोड बोलणाऱ्या एका माणसाकडे निम्मे पैसे भरले. पावती फोनवरच आली. महिन्याभराने फोन बंद, कचेरी बंद. कांद्याच्या एका हंगामाची कमाई गेली. तेव्हा मंडळी, पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी करा. एक, कचेरी डोळ्यांनी पाहा. दोन, विमानाचा आरक्षण क्रमांक घेऊन विमान कंपनीकडे तुमचे नाव आहे का ते विचारा. तीन, हॉटेलला थेट पत्र किंवा फोन करून खोली राखली आहे का ते तपासा. यात संकोच कसला? बैल घेताना आपण दात पाहतोच की!

आता सामान. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. गुंगी आणणाऱ्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथला कायदा कडक आहे, आधी चौकशी करा. रोपे, बियाणे, कलमे परवानगीवाचून नेऊ नका. बेटाची शेती एका किडीनेही धोक्यात येऊ शकते, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिथे बंदी आहे, कापडी पिशवी घ्या. समुद्रात उतरताना पायात रबरी जोडे असावेत. प्रवाळ कापते, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी काटेरी मासाही उथळ पाण्यात असतो. विमानात पाय सुजू नयेत म्हणून तासा-दीड तासाने उठून चार पावले चाला. प्रवासाचा विमा घ्या. बाईंचा गुडघा तिथे दुखावला तेव्हा त्या विम्यानेच डॉक्टरांचा खर्च भागवला.

इतके झाले म्हणजे तयारी पुरी झाली का? माझ्या मते अर्धीच झाली. राहिलेली अर्धी तयारी मनाची. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट नावाची जागा आहे. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर उतरले. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. बहुसंख्य मजूर बिहारकडचे. पण मुंबई बंदरातून गेलेल्या गलबतांतून रत्नागिरीकडची, कोकणातली माणसेही गेली. आपण सहा तासांत जातो, त्यांना कित्येक आठवडे लागत. त्या घाटावर दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या चढून ती माणसे नव्या जगात गेली. उसाच्या फडातले काळ्या दगडांचे ढीग मघाशी सांगितले, ते जमीन मोकळी करताना अशाच हातांनी रचले.

त्यांची लेकरे आज तिथे आहेत. घरात बहुतेकजण क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकवली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि मराठी मंडळी 'झाकरी' नाचतात. आपल्या कोकणातली जाकडीच ती! मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. कोणाला आपले माणूस शोधायचे असेल तर निघण्यापूर्वी पत्र लिहून रीतसर परवानगी आणि वेळ मागावी. नाव, बापाचे नाव, गाव आणि साल, जेवढे ठाऊक असेल तेवढे कळवावे.

नैर्ऋत्येला ल मॉर्न नावाचा कडा आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या कपारीत आसरा घेत. २००८ साली तोही जागतिक वारसा झाला. आज त्याच्या पायथ्याशी बेटावरची काही सर्वांत महागडी हॉटेले आहेत. तिथे आरामखुर्चीत पडलेल्या माणसाने एकदा मान वर करून त्या कड्याकडे पाहावे, एवढीच माझी विनंती.

आणि हे सौंदर्य नाजूक आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले. ऑगस्टमध्ये त्यातले सुमारे हजार टन तेल निळ्या पाण्यात पसरले. तेव्हा गावोगावची माणसे धावली. त्यांनी उसाचे पाचट कापडात भरून लांब लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. आपण जे पाचट बांधावर जाळून टाकतो, त्याने त्यांनी आपला समुद्र राखायची धडपड केली! तेव्हा पाहुण्याने प्रवाळावर पाय देऊ नये, शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत.

आमचे गुरुजी परत आले. नोंदवहीत बाईंच्या माणसाचे नाव काही सापडले नाही. एकाच नावाचे अनेकजण निघाले आणि बापाचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मी विचारले, "मग पैसे सार्थकी लागले का?" गुरुजी हसून म्हणाले, "समुद्राचं म्हणाल तर फिटले. पण ही त्या सोळा पायऱ्यांपाशी गेली, देवळाच्या पायरीला लावावा तसा हात लावून तिनं कपाळाला नेला आणि म्हणाली, 'आपलं माणूस इथून वर गेलं असेल हो.' त्याचा हिशेब मला मांडता येत नाही."

आता घरी त्यांनी एक वही घातली आहे. त्यात दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांची नावे, गावे, आठवतील तशी साले लिहून ठेवतात. श्रोतेहो, बेटावर जाणे कोणाला जमेल, कोणाला जमणार नाही. ही वही मात्र प्रत्येक घरी जमण्यासारखी आहे. घरात जुनी माणसे आहेत तोवरच ती भरून घ्या.