लाळग्रंथीची गाठ आणि रक्ताची वाट
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. तरीही एका दुर्मिळ आजाराविषयी बोलण्यास उभा आहे, कारण तो माझ्या मामूंना झाला होता.

कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या आपणास असतात. शिवाय टाळू, ओठ, गाल यांत शेकडो बारीक ग्रंथी असतात. कानाखालच्या ग्रंथीतील बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. परंतु ग्रंथी जितकी लहान, तितका गाठ कर्करोगाची असण्याचा संभव अधिक. तंबाखूला न शिवणाऱ्यांनाही हा रोग होतो. मामू सुपारीसुद्धा खात नसत, म्हणून घरात कोणास शंकाच आली नाही. गाठ दुखतही नव्हती. गालगुंड समजून लेप लावण्यात दोन वर्षे गेली. लेप लावणाऱ्यांत हा बी. ए., बी. एड. भाचाही होता!

पुढे मुंबईस शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. रोगाचे नाव ॲडेनॉईड सिस्टिक कार्सिनोमा. तोंडाचा नेहमीचा कर्करोग बहुधा आधी मानेत पसरतो, तेथे गाठी हाताला लागतात. हा रोग मात्र मज्जातंतूंच्या कडेने सरकतो आणि रक्तवाहिन्यांत शिरतो. आपणा देवबागकरांस ही गोष्ट समजण्यास सोपी आहे. कर्ली नदीत वर काही पडले, तर ते वाहत वाहत आपल्या संगमावरच येणार. तसे चेहऱ्याचे रक्त मानेतील मोठ्या शिरेने हृदयाच्या उजव्या बाजूस उतरते आणि तेथून फुफ्फुसांत जाते. फुफ्फुसातील केशवाहिन्या म्हणजे अतिशय बारीक आसाचे जाळे. रोगाच्या पेशी तेथे अडकतात. सर्वच जगतात असे नाही, पण जगलेली एखादी पेशी कित्येक वर्षे गप्प राहू शकते.

मामूंचे तसेच झाले. पाच वर्षे तपासणीस गेले. मान स्वच्छ होती, मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून आम्हीच जाणे थांबविले. नवव्या वर्षी खोकला आला आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही फुफ्फुसांत गोल डाग दिसले. हे डागही पुष्कळदा सावकाश वाढतात. त्यानंतर चार वर्षे मामू अंगणात बसून जाळी विणत होते. पण छातीची तपासणी वेळच्या वेळी झाली असती, तर डाग आधी कळले असते, हे शल्य मला आहे.

तीन-चार आठवड्यांत न जाणारी गाठ ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावी. तोंड एका बाजूस वाकडे होऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून याच कामासाठी उभे आहे. जुने तपासणी-अहवाल मात्र टाकू नयेत. मामींनी ते तांदळाच्या डब्यात जपले होते, म्हणून पुढच्या डॉक्टरांना रोगाची जात लगेच कळली. ज्यांना असे इंग्रजी कागद वाचून घ्यावयाचे असतील, त्यांनी शाळा सुटल्यावर मला भेटावे.