नवऱ्याचा अर्ज कुठला, आपला कुठला?

मी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ते, ठराव वही असल्या गोष्टी बोलते. आजचा विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतला. पण तो आता आपल्या उंबऱ्यात आलाय. गटाच्या बैठकीत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मावशी विचारतात, "ताई, जावईबापूंनी तिकडं पोरीच्या ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलाय म्हणतात. कुठला टाकला, ते पोरीलाच माहीत नाही. काय करायचं?"

तर आज तेच बघू. अमेरिकेत बायको म्हणून कायमचं राहायचं असेल, तर कुठला अर्ज कुणी भरायचा?

बँकेत कसं असतं? शेळ्यांचं कर्ज वेगळं, घराचं कर्ज वेगळं. बँक एक, साहेब एक, पण अर्ज वेगळा. चुकीचा अर्ज दिला तर तो परत येतो आणि महिना वाया जातो. तिकडं चुकीच्या अर्जानं फी जाते, वर्ष जातं, आणि कधी कधी राहायचा हक्कही धोक्यात येतो.

ग्रीन कार्ड म्हणजे तिकडं कायम राहायची आणि काम करायची परवानगी. ती नागरिकता नव्हे. ते मिळवायचा अर्ज ठरतो तीन प्रश्नांवर. पहिला : नवरा तिकडं कोण आहे? नागरिक, ग्रीन कार्डवाला, की नोकरीच्या व्हिसावर? दुसरा : मुलगी आज कुठं आहे? इथं गावी की तिकडं? तिसरा : लग्न कुठल्या तारखेला झालं? ही तीन उत्तरं पाठ असली, की कुठला अर्ज लागतो हे बरंचसं कळतं.

समजा, एका घरात तीन बहिणी आहेत.

थोरलीचा नवरा अमेरिकेचा नागरिक आहे. त्यानं भरायचा अर्ज म्हणजे आय-१३०. हा अर्ज नवऱ्याचा, बायकोचा नव्हे. त्यात तो सरकारला सांगतो, की ही माझी बायको आहे आणि आमचं लग्न खरं आहे. सोबत बायकोच्या माहितीचा आय-१३०ए हा पुरवणी अर्ज जोडायचा. नागरिकाच्या बायकोला नंबराची वाट बघावी लागत नाही. अर्ज तपासायला वेळ लागतो, तो लागतोच. पण दरवर्षी इतक्याच जणींना कार्ड द्यायचं, अशी मर्यादा तिला नाही.

आता लक्षात ठेवा, आय-१३० मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं नाही. नातं मान्य झालं, एवढंच. पुढचा अर्ज थोरलीचा स्वतःचा. ती इथं असेल तर डीएस-२६०. हा ऑनलाइन भरतात. मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. ती तिकडं असेल आणि रीतसर व्हिसावर गेली असेल, तर आय-४८५. म्हणजे इथून जाणारीला डीएस-२६०, तिथं असणारीला आय-४८५. दोन्ही भरायचे नसतात.

काही एजंट सांगतात, "फिरायच्या व्हिसावर पाठवून द्या, तिकडं गेल्यावर ४८५ भरून टाकू." असं करू नका. मनात कायम राहायचं आणि तोंडानं फिरायला आले म्हणायचं, हे तिकडं खोटी माहिती देणं धरतात. त्यानं पुढची वाट कायमची बंद होऊ शकते.

मधलीचा नवरा ग्रीन कार्डवाला आहे. तोही आय-१३०च भरतो. पण इथं नंबर असतो. आय-१३० ज्या दिवशी दाखल झाला, ती तारीख म्हणजे तिचा रांगेतला नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन म्हणून तक्ता काढतं. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला, ते त्यात असतं. नंबर आल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. म्हणून मधलीच्या बाबतीत अर्ज लवकर दाखल होण्याला महत्त्व आहे. मध्येच नवरा नागरिक झाला, तर नवा आय-१३० भरावा लागत नाही. नागरिकत्वाचा दाखला पाठवून कळवायचं. मात्र लेकरू असेल तर सावध. ग्रीन कार्डवाल्याच्या अर्जात लेकरू आईच्या मागोमाग येतं. नवरा नागरिक झाला, की लेकरासाठी वेगळा आय-१३० लागतो.

मधलीसाठी आणखी एक प्रश्न विचारायचा. लग्न आधी झालं, की नवऱ्याचं ग्रीन कार्ड आधी आलं? त्याला नोकरीतून कार्ड मिळालं असेल आणि लग्न त्याच्या आधीचं असेल, तर ती त्याच्याच अर्जाच्या आधारानं जाऊ शकते. मग नवऱ्यानं आय-८२४ भरायचा असतो. आय-१३० भरून पुन्हा नव्या रांगेत उभं राहायची गरज नसते. लग्न कार्डानंतरचं असेल, तर मात्र आय-१३०. एका तारखेनं अर्ज बदलतो, बघा.

धाकटीचा नवरा नोकरीच्या व्हिसावर, एच-१बीवर आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच मुली अशाच जातात. त्यांना एच-४ मिळतो. हा नवऱ्यावर अवलंबून असलेला, मुदतीचा व्हिसा आहे. इथं आय-१३० चालत नाही, कारण नवराच अजून कायमचा रहिवासी नाही. कंपनीनं त्याच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असतो. नंबर आला, की तो आपला आय-४८५ भरतो आणि धाकटीही आपला वेगळा आय-४८५ भरते. नवऱ्याच्या अर्जात बायकोचं नाव आलं म्हणजे झालं, असं समजू नका. माणशी एक अर्ज. भारतात जन्मलेल्यांची नोकरीची रांग फार लांब आहे, वर्षानुवर्षांची. म्हणून धाकटीनं "आपलं होईल कधीतरी" म्हणून न बसता नवऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात : तुमची रांगेतली तारीख कुठली, आणि माझ्या व्हिसाची मुदत कधी संपते?

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी आय-१२९एफ नावाचा अर्ज आहे. तो वाग्दत्त वधूसाठी, आणि तोही नवरदेव नागरिक असेल तरच. तिकडं गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं, मग आय-४८५. आपल्याकडं पुष्कळ घरं आधी नोंदणी लग्न उरकतात आणि मांडव नंतर घालतात. नोंदणी लग्न झालं, की कायद्यानं तुम्ही बायको झालात. मग हा अर्ज तुमचा नाही, भले अक्षता पडायच्या राहिल्या असोत. आणि सगळ्या कागदांवर लग्नाची तारीख एकच लिहा. एका ठिकाणी नोंदणीची, दुसऱ्या ठिकाणी मांडवाची, असं झालं की मुलाखतीत प्रश्न येतात.

तिकडं आय-४८५ भरलेल्यांनी एक जपावं. अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. इथं आई आजारी पडली, बहिणीचं लग्न निघालं, काहीही असो, आधी आय-१३१ भरून प्रवासाची परवानगी हातात घ्यायची. एच-४ सारख्या काही व्हिसांना यात सूट आहे, पण आपल्याला ती लागू आहे का, हे तिकीट काढण्याआधी बघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर नवऱ्याच्या अर्जावर मिळणारं कार्ड दोनच वर्षांचं असतं. त्याला सशर्त कार्ड म्हणतात. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरायचा असतो, नवरा-बायको दोघांच्या सह्यांनी. नाही भरला, तर राहायचा हक्क आपोआप संपतो. इथं पुष्कळजणींचा घोटाळा होतो. कार्डाची मुदत संपत आली म्हणून त्या आय-९० भरतात. आय-९० हा दहा वर्षांचं कार्ड नवं करायचा अर्ज आहे. दोन वर्षांच्या कार्डाची मुदत त्यानं वाढत नाही. म्हणून कार्ड हातात आलं, की आधी शेवटची तारीख बघा.

आणि ही दोघांची सही कधी कधी बाईच्या गळ्याला फास होते. "जास्त बोललीस तर सही करणार नाही, परत पाठवीन." ऐकलंय ना असं? तर आया-बहिणींनो, हे नीट ऐका आणि लेकीला सांगा. नवऱ्याच्या सहीशिवायही आय-७५१ भरता येतो. घटस्फोट झाला असेल, नवरा वारला असेल, किंवा नवऱ्यानं मारहाण किंवा छळ केला असेल, तर बाई एकटी अर्ज करू शकते. त्यासाठी शेवटच्या ९० दिवसांची वाटही बघावी लागत नाही. पुरावा मात्र द्यावा लागतो : लग्न खऱ्या मनानं केलं होतं याचा, आणि जे झालं त्याचा.

कार्डच मिळालेलं नसेल, आणि नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असून छळ करत असेल, तर आय-३६० हा अर्ज आहे. महिलांवरच्या हिंसेविरुद्ध १९९४ मध्ये तिकडं कायदा झाला, त्यातून ही सोय आली. बाई स्वतः अर्ज करते. नवऱ्याची सही लागत नाही आणि सरकार त्याला कळवत नाही. जिवाला धोका असेल तर अर्ज-बिर्ज नंतर. आधी ९११ वर फोन करायचा. तो तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर.

आणखी एक अर्ज माहीत असावा, आय-८६४. आपल्या गटाच्या भाषेत हा जामीनदाराचा कागद. बायकोसाठी आय-१३० भरणारा नवरा त्यात लिहून देतो, की ही सरकारवर ओझं होणार नाही, तिला मी सांभाळीन. जामीनदार कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही, तसा हाही घटस्फोटानं सुटत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा ती कार्ड सोडून कायमची देशाबाहेर जाईपर्यंत तो बांधलेला असतो. दोघांपैकी कुणी वारलं तरच तो आधी संपतो. म्हणून त्याची एक प्रत बायकोजवळ हवीच.

इथं, गावातच करायची कामंही आहेत. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून दाखला घ्या. पत्रिका आणि फोटो त्याची जागा घेत नाहीत. जन्माच्या दाखल्यावर नाव आहे का बघा; जुन्या दाखल्यांवर नुसतं "मुलगी" लिहिलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं नाव असेल, तर दोन्ही एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद तयार ठेवा. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो.

कोरा अर्ज फुकट मिळतो. भरायची फी वेगळी, पण अर्जाचे पैसे मागणारा माणूस लबाड समजा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही असतं, ते बघा. अर्जाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. जुनी आवृत्ती परत येते. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून भरायच्या दिवशीच बघायचं. अडचणीचं प्रकरण असेल तर तिथल्या परवानाधारक वकिलालाच विचारा.

आणि कोऱ्या अर्जावर सही नाही. बचत गटात आपण हे पहिल्या दिवशी शिकतो. नवरा कितीही शिकलेला असो आणि कितीही चांगला असो, "इथं सही कर" म्हटलं की "आधी वाचू द्या" म्हणायचं. यात अविश्वास कसला? चांगला नवरा स्वतःच वाचून दाखवील.

आज घरी एक वही काढा. लेकीला फोन लावा आणि तिच्याकडून पाच गोष्टी लिहून घ्या : नवऱ्याचा दर्जा, लग्नाची तारीख, भरलेल्या अर्जाचा क्रमांक, पावतीचा क्रमांक, आणि व्हिसा किंवा कार्ड संपायची तारीख. तिला सांगता आलं नाही, तर आजच जावयांना विचारून घे म्हणावं. तशीच वही तिनं तिकडंही करावी, आणि कागदांचे फोटो आईच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत. पुढच्या बैठकीला ज्यांना वही दाखवायची असेल त्यांनी घेऊन या, आपण मिळून बघू.