भगत, सर्पदंश आणि ग्रामशिक्षक



सह्याद्रीच्या डोंगरपट्टीतील वारली, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या पाड्यांवर भगत हा केवळ मंत्र घालणारा मनुष्य नसतो. देवकार्य तोच करतो. तांदळाचे दाणे पाहून दुखण्याचे कारण तोच सांगतो. रानातील मुळ्या व पाले तोच ओळखतो. दवाखाना दूर आणि भगत शेजारी, अशा ठिकाणी लोकांचा विश्वास त्याच्यावर जडावा, यात नवल नाही. त्याची टवाळी करणारा शिक्षक पाड्याला परकाच राहतो.

परंतु सर्पदंशाच्या प्रसंगी या विश्वासाची किंमत प्राणांनी मोजावी लागते. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. असे रोगी उपायावाचूनही बरे होतात आणि यश मात्र मंत्राच्या पदरी पडते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष मंत्राला जुमानत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावतो. वेदना वा सूज फारशी नसते. काही तासांत पोट दुखू लागते, पापण्या मिटतात आणि अखेरीस श्वास थांबतो. हेच तास मंत्रोपचारात गेले, तर मूल हातचे जाते. या विषांवर प्रतिसर्पविष हेच औषध होय. विंचुदंशाचाही अनुभव असाच आहे. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी करून दाखविले.

साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. तथापि केवळ कायद्याच्या धाकाने पाडा बदलत नाही.

शिक्षकाने पावसाळ्यापूर्वी पुढील गोष्टी मुलांकडून पक्क्या करून घ्याव्यात: जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रोग्यास चालवू नये, १०८ क्रमांकास कळवून रुग्णालय गाठावे. शक्य तेथे खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजावे.

भगतास शाळेत सन्मानाने बोलवावे. त्याच्याकडून मुलांना झाडपाल्याची ओळख करून द्यावी. मग वडीलधाऱ्यांसमक्ष त्यास विनवावे, की मंत्र म्हणावयाचा तर गाडीत बसून म्हणावा, पण गाडी थांबवू नये. भगत स्वतःच रोग्यासोबत रुग्णालयात जाऊ लागला, म्हणजे पाड्यास ती वाट दाखविण्यास दुसरे कोणी लागणार नाही.