पुस्तक मिटून अभ्यास

रंगीत पेनाने रेघा मारून पान सजते, धडा लक्षात राहतोच असे नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते. तेव्हा विसरणारे मूल 'ढ' नव्हे. आपल्या वस्तीतल्या मुलांवर हा शिक्का फार लवकर बसतो. वाचून झाले की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग ताडून पाहा. सनावळीसाठी जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा: पुढे 'सत्यशोधक समाजाची स्थापना?', मागे '१८७३'. अडलेली चिठ्ठी रोज काढा, जमलेली आठवड्याने. घरात अभ्यासाची वेगळी खोली कुणाकडे आहे? चिठ्ठ्या खिशात मावतात. बसची वाट पाहताना निम्म्या होतात.