पंचनाम्यात बाई कुठं आहे?

(कोल्हापुरात महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



हवामान बदल असा विषय असला की आपल्याकडे सहसा एखाद्या प्राध्यापकांना बोलावतात. ते आलेख दाखवतात, ध्रुवावरचं बर्फ कसं वितळतंय ते सांगतात, आणि आपण चहा घेऊन घरी जातो. मी समाजकार्यातली, विज्ञानातली नाही. म्हणून बर्फाऐवजी आपल्या पंचगंगेपासून सुरुवात करते.

राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे इथं प्रत्येकीला पाठ आहेत. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पूर्वी सकाळी उठून शेजारणीला ‘नळाला पाणी आलं का’ विचारायचो, आता जुलै लागला की ‘किती फुटांवर आहे’ विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि दोनच वर्षांनी २०२१ च्या जुलैमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता ती जुनी माणसं भिंतीवरची खूण दाखवून सांगत होती, “हितनं वर पाणी चढत न्हाई.” त्यांच्या शब्दावर विसंबून कितीतरी घरांत सामान माळ्यावर टाकलं गेलं, आणि माळ्यासकट बुडालं. २०२४ च्या जुलैत पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ असं कुणी म्हणत नाही.

पूर आपल्याला नवा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांनी घाटावरचं पाणी आणायचं, पंचगंगेनं ते नृसिंहवाडीला कृष्णेत नेऊन घालायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. नवं आहे ते पाऊस पडण्याची रीत. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे हे बाष्प वाढतंय आणि येतं तेव्हा एकदम येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. महिन्याभराचा पाऊस आठवड्यात पडला तर नदी काय करणार? त्यात आपण पूररेषेच्या आत बंगले बांधले, भराव टाकले. दर पुरानंतर अलमट्टीचा वाद निघतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टी हे मुख्य कारण नाही असं म्हटलं, तरी वाद संपलेला नाही. मला त्या वादात पडायचं नाही. एवढंच लक्षात आलंय की धरणाच्या उंचीवर तावातावानं बोलणाऱ्या बैठकांना मी अनेकदा गेले आहे, आणि तिथं चहा देणाऱ्या सोडल्या तर बाई दिसत नाही.

पाणी घरात शिरताना बाई-पुरुष बघत नाही, असं म्हणतात. पाण्याचं ते खरं असेल. पंचनाम्याचं खरं नाही.

२०१९ च्या पुरानंतर शासनानं पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये जाहीर केले. त्यातले पाच हजार रोख, उरलेले बँक खात्यात. मदत आली, वेळेत आली, तिची गरज होती. पण ‘कुटुंबाला’ म्हणजे कुणाला? शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही स्वच्छतेच्या कामाला गेलो होतो. तिथं एक परित्यक्ता बाई, दोन मुली घेऊन भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. वेगळी चूल, शिलाई मशीनवर पोट. खोलीत गळ्याएवढं पाणी होतं. पंचनाम्याला आलेल्या माणसानं घर एक बघितलं, दार एक बघितलं आणि भावाचं नाव लिहिलं. ती म्हणाली, “माझी चूल येगळी हाय की, सायेब.” त्यांनी विचारलं, “वेगळं रेशनकार्ड आहे?” नव्हतं. नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिलेली नाही, सासरच्या कार्डावरून नाव कमी केलेलं नाही, मग वेगळं कार्ड मिळणार कुठून? भावानं पैसे दिले तर भावाचा चांगुलपणा. त्यानं दिले नाहीत, आणि तिनं मागितले नाहीत. मागितले असते तर खोली गेली असती.

शहरात भाड्यानं राहणाऱ्या मोलकरणीची गोष्ट वेगळ्या वाटेनं तिथंच पोचते. घराच्या पडझडीची भरपाई घरमालकाची. तिचं गेलं ते भांडी, अंथरूण, मुलांची दप्तरं, आणि पंधरा दिवसांची कामं. ज्यांच्याकडे ती धुणीभांडी करते त्यांचीही घरं पाण्यात, म्हणजे त्या महिन्याचा पगार नाही. ज्यांची घरं कोरडी होती त्यांच्यातल्याही काहींनी खाडे कापले.

आणि जिथं नवरा आहे, घर त्याच्या नावावर आहे, खातं त्याचं आहे, तिथं पैसे घरी आले का? काही घरांत आले. काही घरांत अड्ड्यावर गेले. हे मी कुजबुजीत सांगत नाही, त्या गावच्या बायकांनी भर बैठकीत सांगितलं.

आता पंचनाम्यात जे येतच नाही त्याबद्दल. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे बाई काय करते? वर्षाची चटणी कांडते. मिरची, तीळ, खोबरं, लसूण, मसाला, सगळं महाग. शेवया, पापड, सांडगे करते, धान्याला ऊन देऊन भरून ठेवते, जळण रचून ठेवते. जुलैत पाणी आलं की वर्षभराची ही सगळी बेगमी एका रात्रीत चिखल होते. पीक गेलं तर त्याचा एकर-गुंठ्यांत हिशोब होतो. २०१९ ला एक हेक्टरपर्यंतच्या पिकाचं कर्ज माफ झालं, ते योग्यच झालं. चटणीच्या डब्याला मात्र सातबारा नसतो. मग ती चटणी पुन्हा विकत घ्यायची, त्यासाठी बचत गटातून उचलायचं, नाहीतर मायक्रोफायनान्सच्या बाईकडून, नाहीतर कानातलं गहाण टाकायचं. पुरानंतरच्या कर्जाचा मोठा भाग बायकांच्या नावावर असतो, आणि मदतीचा मोठा भाग पुरुषांच्या. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा.

चिखल काढण्याचं बोलतच नाही कुणी. आठ-आठ दिवस, कमरेत वाकून, सापाविंचवाच्या भीतीत. पायांना चिखल्या, अंगावर पुरळ. तो श्रम कुणी मोजला?

छावणीत काय होतं ते तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलंय. शाळेत किंवा मंगल कार्यालयात चारशे माणसं, संडास चार. बायका पाणी पीत नाहीत, कारण रात्री जायचं कुठं. कपड्यांचे ढीग येतात, त्यात पाळीची गरज नंतर आठवते. आणि त्याआधीचा प्रश्न, बाई छावणीत येतेच कधी? गोठ्यात दोन म्हशी. दुधाचा हप्ता घरात येतो तो तिच्या कष्टावर. “म्हस दावणीला सोडून मी कशी येऊ, ताई?” असं म्हणत ती शेवटच्या खेपेपर्यंत थांबते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, त्यात बुडालेल्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात लाखाहून जास्त माणसं मेली. त्यांत पुरुषांपेक्षा बायका किती तरी अधिक. घरातलं माणूस विचारल्याशिवाय बाहेर पडायचं कसं, परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्याला जायचं कसं, कडेवर मूल, अंगात साडी, पोहता येत नाही. न्यूमायर आणि प्लुम्पर या दोन अभ्यासकांनी १९८१ ते २००२ या काळातल्या १४१ देशांतल्या आपत्ती तपासल्या, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. आपत्तीत बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि जिथं बायकांना हक्क जास्त, तिथं हा फरक कमी होतो. म्हणजे बाईला वादळ एकटं मारत नाही.

एक गोष्ट पुराबाहेरची, तरी आपल्याच शिवारातली. दिवाळीच्या सुमाराला आपल्या उसाच्या फडात बीडकडून टोळ्या येतात. तिकडं पाऊस दगा देतो म्हणून ती माणसं इकडं येतात. आपल्याकडे पाणी जास्त आणि त्यांच्याकडे कमी, दोन्हीकडे कारण एकच आहे असं सरसकट म्हणणं बरोबर नाही, दुष्काळाला शासनाची धोरणंही जबाबदार आहेत. पण लहरी झालेला पाऊस या स्थलांतराला रेटा देतो. या टोळीत मजूर मोजतात तो ‘कोयत्यां’त. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल मुकादमाकडून पुरुष घेतो, फेडायला दोघं राबतात. खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीची, बाळंतपणाची अडचण नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची जी माहिती पुढं आणली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पूरग्रस्त ‘कुटुंब’ आणि ऊसतोडीचा ‘कोयता’, दोन्हींत बाई आहे, आणि दोन्हींत तिचं नाव नाही.

२०२२ साली इजिप्तमध्ये शर्म अल शेख इथं जगातल्या देशांची परिषद झाली. ज्यांनी कोळसा-तेल जाळून हवा तापवली त्यांनी झळ सोसणाऱ्या गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी द्यावा, हे तिथं तत्त्वतः मान्य झालं. गरीब देशांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं. मला त्याचं मोल आहे. पण समजा उद्या त्यातला रुपया खरोखर आपल्या तहसील कचेरीपर्यंत आला, तर तो कुठल्या यादीवर वाटला जाईल? याच यादीवर.

“घरं वाहून गेलीत आणि तुम्ही नावाचं काय घेऊन बसलात,” असं मला एका कार्यकर्त्यांनी ऐकवलं होतं. भले गृहस्थ आहेत, पुरात रात्रंदिवस राबले. तरी मी नावाचंच घेऊन बसणार, कारण यात अशक्य असं काही नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात बसणाऱ्या घरांत शिधापत्रिकेवर अठरा वर्षांवरची ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख असते. धान्य घेताना बाई प्रमुख आणि पूर आला की पुरुष प्रमुख, हा कुठला न्याय? बायकांची खाती नाहीत ही सबबही आता चालणार नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेत शासनानं लाखो बायकांच्या खात्यांत थेट पैसे टाकून दाखवले. निवडणुकीआधी खाती सापडतात, पुरानंतर सापडत नाहीत, असं कसं?

घर नवरा-बायको दोघांच्या नावे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर लावावं असं परिपत्रक ग्रामविकास विभागानं २००३ सालीच काढलं. वीस वर्षं उलटून गेली. तुमच्या गावात किती घरांवर दोन नावं आहेत ते विचारून बघा. आपण स्वतःही बघू या, इथं बसलेल्या किती जणींचं नाव घरावर आहे. हात वर करायला सांगत नाही.

हे गावाला जमत नाही असं कुणी म्हणालं तर हेरवाडचं नाव घ्या. शिरोळ तालुक्यातलंच, पुराच्या पट्ट्यातलं गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. ज्या गावाला ते जमलं त्याला एकल बाईची चूल वेगळी मोजणं जड जाणार नाही. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, सरपंच बाया आहेत. पाटीवर नाव बाईचं आणि खुर्चीत तिचा नवरा, हे ज्या गावात चालतं तिथं आधी ते मोडावं लागेल, ते वेगळं काम आहे.

कामाला महिने मोजकेच मिळतात. पाऊस यायच्या आत १ मेची ग्रामसभा असते, आणि तिच्याआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, सह्या घरी येऊन घेतात. या वर्षी सही घरी करायची नाही. गावातल्या परित्यक्ता, विधवा, भाडेकरू, वेगळी चूल असलेल्या बायकांची यादी आपणच आधी करायची, म्हणजे पंचनाम्याला माणूस आला की ती पुढं करता येईल. मदत बाईच्या किंवा दोघांच्या जोडखात्यावर जमा व्हावी, पंचनाम्यावर बाईची सही असावी, आणि छावणीची जागा ठरवताना संडास आणि गोठा बाईला विचारून ठरवावा, असा ठराव मांडायचा. जनावरांची सोय आधी झाली तर बाई आधी निघते, हे अधिकाऱ्यांना एकदा नीट समजावून सांगावं लागेल.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, तो वाटते. त्यातली भाषा कचेरीची आहे, ती तुम्ही बदला. दुपारच्या सत्रात आधी शिरोळच्या आणि चिखली-आंबेवाडीच्या बायकांनी बोलावं, शहरातल्यांनी नंतर.